अंताजीकाकांची मिशी

त्रिंबक पेठकर सोळाव्या वर्षी नाटकमंडळीत शिरला तो राणीची कामं करायला, आणि त्यापायी नुकती फुटलेली मिशी त्याने उतरवली. आता आपल्याकडे कसं, घरातला वडीलधारा गेला की मुलगा आणि धाकटे भाऊबंद मिशी काढतात. बाप जिवंत असताना कुणी काढत नाही. पुढे त्रिंबकने कॅमेरा आणला, हलती चित्रं काढली, मोठं नाव केलं. पण बाप वीस वर्षं त्याच्याशी बोलला नाही, आणि न बोलताच गेला.

त्रिंबक नदीकाठी पोचला तेव्हा सरण रचून झालं होतं. बापाचे धाकटे चुलतभाऊ अंताजीकाका, गावातलं बडं प्रस्थ, हात आडवा करून उभे राहिले.

"लांब हो! मिशी उतरवलीस त्याच दिवशी तुझा बाप मेला. आता कसला अग्नी देताय, राणीसाहेब? अग्नी मी देणार."

त्रिंबकने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, आबा त्याच दिवशी गेले म्हणता?"

"गेलाच! विचार साऱ्या गावाला."

"मग मुलाचं काम मी त्याच दिवशी केलं. तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ. तुमची मिशी वीस वर्षं कशी राहिली?"

कुणी हसलं नाही. काकांचा हात मिशीवर गेला, आणि ते बाजूला झाले.

न्हाव्याने त्रिंबकला समोर बसवलं. काढायला काहीच नव्हतं, तरी त्या गुळगुळीत ओठावरून त्याने सावकाश वस्तरा फिरवला. तेव्हा कुठे त्रिंबक रडला.