साळूचे वाजणारे काटे

ओढ्याच्या अलीकडच्या रानात एक साळू राहत असे. तिच्या अंगभर लांब काळेपांढरे काटे होते आणि शेपटीला पोकळ काट्यांचा एक झुपका होता. शेपूट हलवली की तो झुपका खडखड वाजे. तुम्ही शाळेच्या मैदानावर शिट्टी ऐकता ना मुलांनो, तसा या साळूच्या काट्यांचा उपयोग होता, कारण ती रानातल्या मुलींना खेळ शिकवत असे.

खेळ सोपा होता. मैदानाच्या दोन्ही टोकांना ऐनाच्या फांद्यांना बूड गेलेल्या टोपल्या टांगलेल्या होत्या. सुकलेले कवठ एकमेकींकडे फेकत न्यायचे आणि समोरच्या टोपलीतून खाली पाडायचे. एका बाजूला पाच जणी, दुसऱ्या बाजूला पाच जणी. साळूच्या संघात वानरी, हरिणी, ससीण, घोरपड आणि खार अशा पाच जणी होत्या. काटे एकदा खडखडले की पळायचे, दोनदा खडखडले की फेकायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. साळू या पाच जणींसाठी जीव टाकायची. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात येऊन ती खडे वेचायची, म्हणजे कुणाच्या पायाला लागू नयेत.

पण तिचा एक स्वभाव होता. कुणी काही कुरकुर केली की तिचे काटे आपोआप उभे राहत आणि शेपूट खडखडू लागे. ती मुद्दाम तसे करत नसे. शिंक काय आपण ठरवून देतो? पण समोरच्याला हे कसे कळणार? एकदा ससीण म्हणाली, "साळूमावशी, आज जरा दम लागलाय," आणि खडखड झाल्याबरोबर ती बिचारी उठून पळत सुटली. तिला वाटले, पळायचीच खूण झाली. हळूहळू सगळ्या गप्प राहू लागल्या. साळू मात्र खूश होती. ती अस्वलाला अभिमानाने सांगे, "माझ्या संघात कुणाची काही तक्रार नाही."

अस्वल रानाचे कारभारी होते. ते मान डोलावत असे आणि मध चाटत असे.

त्या हिवाळ्यात साळूचा संघ एकामागून एक सामने हरला. ओढ्यापलीकडच्या रानातला संघ तर त्यांना खेळवून खेळवून हरवी. हिवाळा सरला, ओढ्याचे पाणी उतरले आणि पात्रातले दगड उघडे पडले. दोन्ही रानांचा जुना नियम असा होता की, दगड उघडे असेपर्यंत ज्या खेळाडूला पलीकडच्या संघात जायचे असेल तिने खुशाल जावे आणि पलीकडच्या खेळाडूने इकडे यावे. कुणी कुणाला अडवायचे नाही. पाणी चढले की वाट बंद.

पहिली वानरी गेली. ती दगडांवरून तीन उड्यांत पलीकडे पोचली. दुसऱ्या दिवशी ससीण गेली. दोघींपैकी कुणीही निरोप घेतला नाही. साळूला फार लागले. तिने उरलेल्या तिघींना समोर बसवले आणि शेपूट खडखडवत म्हणाली, "गेल्या त्या नमकहराम. त्या कधी आपल्या नव्हत्याच." तिघींनी खाली पाहिले.

मग अस्वल आले. ते म्हणाले, "साळू, पाणी चढेपर्यंत पाच जणी उभ्या करता आल्या नाहीत, तर मैदान रानडुकरांना देऊन टाकावं लागेल. ती केव्हाची जागा मागतायत."

डुकरे त्या मैदानात काय करणार होती, हे साळूला चांगले माहीत होते. डुकरे पाणी आणून चिखल करणार होती आणि दिवसभर लोळणार होती. ज्या मातीतले खडे तिने रोज वेचले, त्या मातीचा चिखल. तिला घास गोड लागेना.

तेवढ्यात खार धावत आली. "हरिणी ओढ्याकडे गेली," एवढेच तिने सांगितले.

साळू धापा टाकत ओढ्यावर पोचली, तेव्हा हरिणी अर्ध्या वाटेवर, मधल्या दगडावर उभी होती. साळूचे काटे उभे राहिले, शेपूट खडखडली. हरिणी दचकली, पण पळाली नाही. तिने दोघींमधले पाणी पाहिले.

"साळूमावशी, इथून बोलते," ती म्हणाली. "इथे तुमचे काटे पोचत नाहीत."

"बोल की. मी कधी कुणाला बोलायला बंदी केली?" साळू म्हणाली, आणि शेपूट पुन्हा इतक्या जोरात खडखडली की हरिणीचे पुढचे शब्द ऐकूच आले नाहीत.

साळू चिडली. हरिणीवर नाही, शेपटीवर. आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपला आवाज समोरच्याच्या बाजूने ऐकला होता. तिने शेपूट खाली दाबली, तरी ती वाजली. वाळूत पुरली, तरी वाजली. शेवटी ती तशीच मागे सरकत पाण्यात गेली आणि मटकन खाली बसली. पोकळ काट्यांत पाणी शिरले आणि खडखड थांबली. पाणी चांगलेच गार होते.

"आता बोल," ती म्हणाली.

हरिणी म्हणाली, "हिवाळाभर माझा खूर चिरलेला होता. मी तशीच खेळले. सांगायला दोनदा तुमच्याजवळ आले होते, पण काटे वाजले आणि मी परत फिरले."

"मला कसं दिसलं नाही?" साळू म्हणाली. ती रोज खडे वेचत होती, पण ज्या पायांसाठी वेचत होती ते पाय तिने कधी पाहिले नव्हते.

"आम्ही हरलो म्हणून जात नाही," हरिणी म्हणाली. "वानरीचं वेगळं. तिला जिंकायचंच होतं, ती कुठल्याही परिस्थितीत गेली असती. पण ससीण रडत गेली. आणि मावशी, तुम्ही तिला नमकहराम म्हणालात ना, त्याच दिवशी माझंही ठरलं. उद्या खुरापायी घरी बसले असते, तर मलाही तेच म्हणाला असतात."

"आता राहशील का?" साळूने विचारले.

"नाही," हरिणी म्हणाली. "तिकडे शब्द दिलाय. पण आज निरोप घेऊन जाते." आणि ती वळली. दुखऱ्या खुरामुळे ती एकेका दगडावर थांबत जात होती. ती पलीकडे चढेपर्यंत साळू पाण्यातच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर साळू घोरपडीला आणि खारीला घेऊन ओढ्यावर गेली आणि पाण्यात जाऊन बसली. "काय सांगायचं असेल ते सांगा," ती म्हणाली. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

मग घोरपड म्हणाली, "मला तुम्ही नेहमी टोपलीखाली उभं करता, कारण मला कुणी हलवू शकत नाही. ते खरं आहे. पण मला एकदा तरी कवठ फेकून बघायचंय."

"मला कुणी कवठ देतच नाही," खार म्हणाली. "गेला हिवाळाभर मी नुसती पळत होते. मला पळायला आवडतं, पण इतकंही नाही."

साळूने सगळे ऐकून घेतले. मध्येच तिची पाठ शहारली, ते पाण्यामुळे की शब्दांमुळे, कोण जाणे. त्यानंतर हा रोजचा क्रम झाला. रानात बातमी फिरली की साळूची खडखड आता मैदानापुरतीच उरली आहे. मग एक रानमांजर आली आणि तिच्या पाठोपाठ एक कोल्हीण आली. आता चार जणी झाल्या. पाचवी काही मिळेना.

इकडे ओढ्याच्या उगमाकडे ढग जमू लागले. पाणी वाढले, कडेचे दगड बुडाले. डुकरे मैदानाच्या काठाशी येऊन उभी राहू लागली. साळू मात्र संध्याकाळी ठरल्याप्रमाणे पाण्यात बसलेली असे. अशाच एका संध्याकाळी मधल्या दगडावर पलीकडून कुणीतरी येऊन उभे राहिले. ती ससीण होती.

"तिकडे संघ मोठा आहे," ससीण म्हणाली. "मी बसूनच असते. हरिणी म्हणाली, तुम्ही आता ऐकता. पण यायच्या आधी मला एक विचारायचंय. तुम्ही मला नमकहराम म्हणालात?"

पाणी साळूच्या गळ्याशी आले होते. तिचे काटे उभे राहू पाहत होते, पण ती हलली नाही.

"म्हणाले," साळू म्हणाली. "चुकलं माझं. तुला दम लागला होता आणि मी तुला पळवलं, तेही चुकलं."

पाणी दगडावर चढत होते. ससिणीने कान मागे टाकले आणि उरलेल्या दगडांवरून उड्या मारत ती अलीकडे आली. तिच्यामागे शेवटचा दगड बुडाला. काठावरची खार तिला बिलगून ओलीचिंब झाली. अस्वल आले, त्याने पाच जणी नीट पाहिल्या आणि डुकरांना परत पाठवले.

पुढच्या हिवाळ्यात त्या पहिला सामना हरल्या. दुसराही हरल्या. घोरपडीने फेकलेले पहिले कवठ टोपलीत न जाता अस्वलाच्या मधाच्या पोळ्यावर पडले. पण हरल्यावरही पाच जणी बोलत बोलत मैदानाबाहेर यायच्या, आणि पुढे काही सामने त्या जिंकल्यासुद्धा.

उन्हाळा आला, पाणी उतरले, दगड पुन्हा उघडे पडले. एका सकाळी साळूला खार पहिल्या दगडावर बसलेली दिसली. साळू काठावर आली आणि जमेल तितक्या शांतपणे तिने विचारले, "जायचं ठरलंय का? असेल तर सांग, मी मधल्या दगडापर्यंत सोडायला येते."

"नाही मावशी," खार म्हणाली. "पाय गार करायला आले होते. जायचं झालं, तर आधी तुम्हालाच सांगेन."

तात्पर्य : ज्याच्याजवळ मनातले बोलता येत नाही, त्याला सोडून जाणारे न सांगताच जातात.