भेकराची नाळ

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर अजून आपल्या मर्जीनं धुकं पांघरायचे, तेव्हाची ही गोष्ट. हेदुली गावात ठकाई नावाची सुईण होती. आडवं आलेलं मूलही तिचा आवाज ऐकून सरळ व्हायचं, असं म्हणतात. तिच्या हातून कधी बाळ दगावलं नाही. गाव भराभर वाढलं.

आता हेदुलीची रीत अशी, की ज्याची नाळ जिथं पुरली ती जागा त्याची. मोठा झाला की तिथंच घर बांधायचं. आणि ठकाई नाळ पुरायची कुठं, तर रानाच्या कडेला, माती मऊ म्हणून! मग काय हो, नाळेमागून घर, घरामागून गोठा. आधी वाघ गेला, मग धनेश पक्षी गेले. ठकाईला वाटायचं, रान काय, मोप आहे. शेवटी झऱ्याकाठची एवढीशी राई उरली.

एका धुकट सकाळी तिच्या ओसरीवर गाभण भेकर येऊन उभं राहिलं. पाय लटपटत होते. आडोसा शोधून दमलेलं बिचारं माणसाच्या दारात आलं होतं.

"अगं बाई, तुझी जागा मीच गं घालवली!"

तिनं बाज सारून गवत अंथरलं. धुकं आत शिरलं, भिंती विरल्या आणि घराचंच रान झालं, असं म्हणतात. पाडस झालं. त्याची नाळ घेऊन ठकाई राईत गेली आणि मधोमध पुरली.

तेवढ्यात गावातला नवसू कुऱ्हाड घेऊन आला. त्याची नाळ त्या राईतच होती, आणि बायकोचे दिवस भरत आले होते. त्याला घर हवं होतं.

"सरक ठकाई, झाडं पाडायचीत."

"इथं भेकराची नाळ पुरलीय."

"खुळी झालीस काय म्हातारे? जनावराला कसला आलाय हक्क!"

"तुझीही याच हातानं पुरली ना रे? तुझी खरी, तर त्याचीही खरी."

नवसूनं राईकडं पाहिलं. धुक्यात झाडांमागं कितीतरी डोळे लुकलुकले, असं म्हणतात. त्याच्या हातातली कुऱ्हाड खाली आली.

"मग माझं पोर राहील कुठं गं?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"माझ्या घरात. मला एकटीला कशाला हवंय एवढं?"

ती राई अजून आहे. हेदुलीत आता नाळ उंबऱ्याच्या आतच पुरतात. आणि मूल जन्मलं की बाप राईच्या कडेला जातो, ठकाईचं नाव घेतो आणि आतल्या जनावरांना हाक देतो, "एक माणूस वाढलं हो! तुम्ही बसा निवांत, आम्ही सरकून घेतो."