शेळीमार्फत

“आणि हा घोडा स्वयंपाकघरात काय करतोय?”

सिदरामने ऐटीत लॅपटॉपवरचा चित्रपट थांबवला. याच प्रश्नाची वाट पाहत तो जतहून मिरजेला आला होता.

“काहीच नाही करत, ताई. नुसता उभा आहे. तेच तर वेगळं आहे.”

“आला कुठून?”

“कुठून म्हणजे?”

“तुमच्या घरी होता?”

“छे. वरातीचा आणला. दोन दिवसांसाठी.”

“हं...”

द्वारकाताई साळगावकरांनी घोड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

चौतीस वर्षं त्यांनी मुंबईत चित्रपटांचं संकलन केलं होतं. नायकाचा चेहरा आणखी दाखवा म्हणून मागे लागलेल्या एका निर्मात्याला त्यांनी आपली खुर्ची दिली, ‘बसा, तुम्हीच कापा’ म्हणाल्या आणि निघून आल्या. त्यानंतर त्या मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, दोन खोल्यांत राहायच्या. दारावर पाटी नव्हती. तरी स्वतःच्या हिमतीवर छोटे चित्रपट करणारी पोरं त्यांचा जिना चढायची. काही डोळे पुसत उतरायची.

सिदराम वाघमोडे डोळे पुसणाऱ्यांतला नव्हता. मित्राच्या कॅमेऱ्यावर तीन वर्षं खपून त्याने हा चित्रपट केला होता. त्याआधी परदेशी चित्रपट पाहून पाहून डोळ्यांची वाट लावून घेतली होती. आता एका मोठ्या शहरातल्या महोत्सवाने त्याची निवड केली होती. पत्रात घोड्याचं खास कौतुक होतं.

तो सल्ला घ्यायला आला नव्हता. शाबासकी घ्यायला आला होता.

“पुढे चालव,” ताई म्हणाल्या.

पुढे एक माणूस छत्री धरून आंघोळ करत होता. मग सगळं गाव उलटं, आभाळ खाली. ताईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मग एक ओसरी आली. चुलीपाशी भाकरी थापणारी एक म्हातारी. बाजेवर एक म्हातारा. दोघांच्या मधे खुंट्याला बांधलेली शेळी.

‘शेळे, त्याला सांग, भाकरी झालीया.’

‘शेळे, तिला सांग, मला भूक न्हाई.’

‘शेळे, त्याला इचार, मग सकाळधरनं चुलीकडं काय बघतुयास?’

ताई पुढे वाकल्या. तेवढ्यात दृश्य संपलं.

“थांबव. कोण ही माणसं?”

“माझे वडील आणि आत्या. एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच घरात राहतात, शेळीमार्फत बोलतात. ही तिसरी शेळी.”

“दोनच मिनिटं ठेवलंस?”

“सहज घेतलं होतं. त्यात काय आहे, ताई? आमच्या घरचंच आहे ते.”

...

खाली गल्लीत कुणी तरी तार छेडली, पिळली, पुन्हा छेडली.

“घोडा काढ,” ताई म्हणाल्या.

सिदरामचं डोकं फिरलं.

“म्हणजे तुम्हालाही कळला नाही! सगळे एका साच्यातले चित्रपट काढतात, म्हणून मी हा केला. मला वाटलं, निदान तुम्ही तरी... घोडा माझा आहे, ताई. माझ्या डोक्यातून आलाय!”

ताई उठल्या. त्याच्याकडे पाठ करून कोपऱ्यातल्या माठासमोर उभ्या राहिल्या.

“माठा, याला सांग, ओरडू नको. खाली माणसं सूर लावतायत.”

सिदरामने एकदा माठाकडे पाहिलं, एकदा ताईंच्या पाठीकडे.

“ताई, चेष्टा करू नका.”

“माठा, याला सांग, मी चेष्टा करत नाही.”

“मग माझ्याशी सरळ बोला ना!”

“माठा, याला विचार, घोडा पाहून याच्या बापाला काय वाटलं?”

“माठा, त्यांना सांग, माझ्या बापाचा इथं काय संबंध?”

आणि सिदराम दचकला.

तो माठाशी बोलला होता. मान उजवीकडे वळवून, जड आवाजात. आवाज बापाचा होता, मान बापाची होती. बाप कायम तसा मान वाकडी करून का बसतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तोंडावर जे बोलता येत नव्हतं ते माठाला सांगता येत होतं. आणि ज्याच्यासाठी असतं तो शब्दन्‌शब्द ऐकत असतो.

मित्र घरी यायचे तेव्हा सिदराम शेळी घरामागच्या परड्यात नेऊन बांधायचा. आत्याला ऐकू येत नाही, असंही त्याने कॉलेजात सांगून ठेवलं होतं.

...

“बापाला नाही आवडला घोडा,” तो हळूच माठाला म्हणाला. “म्हणाला, दुसऱ्याच्या दारचं जनावर आपल्या चुलीपाशी कशाला?”

ताई वळल्या.

सिदरामने तिथंच महोत्सवाच्या आयोजकांना फोन लावला. घोडा काढतोय, म्हणाला. शेळी वाढवतोय.

“अहो, घोड्यासाठी तर आम्ही निवडला,” पलीकडचे गृहस्थ अजिजीने म्हणाले. “शेळीला... लोक हसतील हो.”

“हसू देत. आम्हीपण हसतो.”

“बदल केलात तर निवड रद्द करावी लागेल.”

“करा,” सिदराम म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

चार महिने तो ओसरीवर कॅमेरा लावून बसला. घोडा गेला, छत्री गेली, उलटं आभाळ सुलट झालं. कुणीच बोलावलं नाही, तेव्हा त्याने गावातच चित्रपट लावला. भर दुपारी, शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या बांधून.

लोक पोट धरून हसले. आत्या बायकांत बसली होती, बाप भिंतीला टेकून. पडद्यावरचा बाप म्हणाला, ‘शेळे, तिला सांग, मी कवाच रागावलो न्हाई.’

आत्या उठली. तरातरा पुढे गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. पण पडद्याकडे तिने पाहिलंच नाही. भिंतीकडे बोट केलं.

“बिरा, किती खोटं बोलशील रं?”

एकोणीस वर्षांत तिने भावाचं नाव घेतलं नव्हतं.

बाप उठून पडद्यापाशी आला.

“म्या कुठं खोटं बोललो, आक्का?”

मग दहा मिनिटं दोघं भांडली. कडकडून, तोंडावर, एकमेकांना हाका मारून. चित्रपट त्यांच्या अंगावर चालू राहिला, तिच्या लुगड्यावर, त्याच्या पटक्यावर. पडद्याकडे कुणी बघत नव्हतं. एक बाई मोठ्याने रडली. मग आत्या म्हणाली, “चल घरी,” आणि दोघं एकाच दारातून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेळीमार्फत.

सिदराम मिरजेचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढला. ताईंना सगळं सांगितलं आणि डोक्याला हात लावून बसला.

“तोच शेवट होता, ताई! आणि कॅमेरा माझ्या पिशवीत. बंद.”

ताईंनी माठातलं पाणी काढून त्याच्यासमोर ठेवलं.

“एकदा वाटलं, पुन्हा करून दाखवा म्हणावं दोघांना... म्हणालो नाही. म्हणणारही नाही. पण खरा शेवट पडद्याबाहेर राहिला. अशा चित्रपटाला कुठला महोत्सव विचारणार? कधी प्रदर्शित व्हायचा हा?”

...

“किती माणसं होती खोलीत?” ताईंनी विचारलं.

“असतील पन्नासएक.”

“मग झाला की प्रदर्शित.”