अडकलेली गोळी आणि बोटभर तेल

बंदुकीला पेटता तोडा, म्हणजे सुताची जळती वात, लावून बार काढायचे, त्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक ओतारी राहत होता. घंटा ओतावी तर त्यानं, समई ओतावी तर त्यानं. पण डोकं त्याच्या भट्टीसारखंच. जरा फुंकर घालायचा अवकाश, की पेटलंच.

गावाची एकच बंदूक होती आणि ती राखणदाराकडे असे. तिच्यासाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ओतारी घरीच ओतायचा. साच्यातून निघालेली गोळी मात्र कधीच नळीच्या बरोबर मापाची नसते, केसभर जास्तच भरते. म्हणून प्रत्येक गोळी जंत्रीतून काढावी लागे. जंत्री म्हणजे लहानमोठी भोकं पाडलेली जाड लोखंडी पट्टी. हे काम ओताऱ्याच्या बायकोचं. ती बोटावर तेल घेई, गोळीला सगळीकडून पुसटसं लावी आणि लाकडी खुंटीनं सरळ दाबून आधी मोठ्या भोकातून, मग मधल्या, मग लहान भोकातून पलीकडे काढी. तिच्या हातून कधी गोळी अडकली नाही. त्यामुळे हे काम अवघड असेल, असं ओताऱ्याला कधी वाटलंच नाही.

एके दिवशी तो वैतागला. "आटप की आता! गोळ्या हायती का तान्ही बाळं? नुसती तेल चोळत बसलीस."

"कोरडी घातली तर अडकंल," बायको म्हणाली.

"अडकायला ती काय तुझ्या माहेरची माणसं हायती, ऐन कामाच्या वेळी अडून बसणारी?"

बायकोनं बोटाचं तेल केसांना पुसलं, जंत्री उचलून नवऱ्यापुढे ठेवली. "घ्या. तुम्हीच बसवा मापात." एवढं म्हणून तिनं गाठोडं बांधलं आणि ओढ्यापलीकडच्या माहेरी निघून गेली.

येईल संध्याकाळपर्यंत, असं ओतारी म्हणाला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदार मात्र आला. हा ओताऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र.

"गड्या, सुळेवाला रानडुक्कर ज्वारीत शिरलाय. काल कापणीला गेलेल्या बाईची मांडी फाडली त्यानं. कुणी शेतात जाईना. आज सांजच्याला मी बांधाआड बसणार. पण माझ्याकडं एकबी गोळी नाही. पहिला बार फुकट गेला तर माझं काही खरं नाही बघ."

"आत्ता देतो," ओतारी म्हणाला.

गोळ्या ओतलेल्या होत्याच. त्यानं एक घेतली आणि तेल नाही की काही नाही, सरळ सगळ्यात लहान भोकावर ठेवून हातोडा घातला. गोळी अर्धी आत गेली आणि रुतून बसली. त्यानं आणखी जोरात हाणलं, तर वरचं शिसं अळंबीच्या छत्रीसारखं पसरलं. चिडून त्यानं जंत्री निखाऱ्यांवर धरली. शिसं वितळून वाहून गेलं, भोक मोकळं झालं. ओताऱ्याच्या घरात सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध. दुसरी गोळी अशीच अडकली, तिसरीही. शेवटी त्यानं डोळ्यांनी बघून त्यातल्या त्यात लहान गोळ्या निवडल्या आणि राखणदाराच्या हातावर ठेवल्या. "घे. मापातच हायती."

राखणदार थोड्याच वेळात बंदूक घेऊन परत आला. घाम गळत होता त्याच्या तोंडावरून. "निम्म्या नळीत अडकली रं. गजानं ठोकून ठोकून दमलो. पुढं जाईना, मागं येईना."

"एवढंच ना? आण इकडं. शिसं आत्ता पाणी होऊन येतं का नाही बघ."

राखणदारानं विश्वासानं दस्ता धरला, वाकून बघू लागला. ओताऱ्यानं नळी धरून निखाऱ्यांवर नेली. ती टेकणार, तोच त्यानं सहज विचारलं, "रिकामीच हाय ना?"

"रिकामी कशी असंल? आधी दारू ठासली, मगच गोळी घातली की."

ओताऱ्यानं बंदूक ओढून घेतली आणि दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवली. तोडा लावायच्या छिद्रातून पाणी आत शिरलं, बुडबुडे आले. मित्राचा चेहरा भट्टीपासून हातभर अंतरावर होता, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तो तसाच उठला आणि ओढा ओलांडून सासुरवाडीला गेला.

बायको अंगणात तूर निवडत बसली होती.

"घरी चल. काम अडलंय."

"मग कामाला बोलवा. मला कशाला?"

नेहमीचा असता तर तो भडकला असता. आज तो पायरीवर मटकन बसला. "राखणदाराला मी आज मारलाच होता गं." आणि त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "तुला बोललो ते चुकलं. तुझ्या माणसांना बोललो तेबी चुकलं."

बायकोनं सूप खाली ठेवलं. "आमच्या गावचं वैदबुवा तेलाला स्नेह म्हणत्यात. आखडलेला पाय घिऊन कुणी गेलं की सांगत्यात, आधी स्नेह, मग शेक. तुम्ही सदानकदा शेकच घिऊन येता."

तिनं त्याला गूळपाणी दिलं आणि गाठोडं उचललं.

घरी आल्यावर तिनं नळीच्या तोंडातून तेल सोडलं. "आता थांबा," ती म्हणाली. तेल मुरेपर्यंत ओताऱ्यानं गजाच्या टोकाला गिरमिट, म्हणजे पिळाचं अणकुचीदार टोक, बसवलं. मऊ शिशात ते फिरवत फिरवत तिनं रुतवलं.

"ओढू?" ओताऱ्यानं गज धरून विचारलं.

"हळू. सरळ."

गोळी कुरकुरत बाहेर आली. मग तिनं नव्या गोळ्या बोटभर तेलानं एकामागून एक जंत्रीतून काढल्या, राखणदारानं भिजलेली दारू काढून नळी पुसून कोरडी केली आणि उन्हं कलायच्या आत तो बांधावर जाऊन बसला.

नवराबायको दारात उभी राहिली. सगळं गावच कान देऊन होतं. एकच बार झाला. मग बराच वेळ काही नाही. ओताऱ्यानं बायकोचा हात घट्ट धरला. तेवढ्यात बांधावरून राखणदाराची आरोळी आली, "पडला! पडला!" ओतारी खाली बसला आणि पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी कापणी सुरू झाली. दुपारी बायको पाणी भरून आली, तर ओतारी जंत्री पुढ्यात घेऊन बसलेला. बोटावर तेल, चिमटीत गोळी.

"तान्ही बाळं हायती का ती?" तिनं विचारलं.

"हळू बोल," मान वर न करता तो म्हणाला, "दचकतील."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच, की शिसं असो की घरचं माणूस, जोर लावायच्या आधी स्नेह लावावा.