सरकारांच्या सुधारणा

"थोरल्या सरकारांच्या वेळचा आवाज हवा," उदाजीराव सरकार म्हणाले, "आणि आम्ही केलेली एकही सुधारणा निघता कामा नये. दसऱ्याच्या दरबारात आम्ही वाजवणार. नाही जमलं, तर देवडीतली खोली रिकामी करायची."

त्या खोलीत धोंडीराम गुरवाचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागे बिऱ्हाड. सरकारांनी दुरुस्तीला आणलेली बेस गिटार समोर सतरंजीवर होती.

वाघझरीचं संस्थान कधीच विलीन झालं होतं. सरकारांचा हट्ट तेवढा विलीन व्हायचा राहिला होता. थोरल्यांनी, म्हणजे सरकारांचे वडील आबासाहेबांनी, हौसेनं परदेशाहून आणवलेली ही बेस गिटार एके काळी वाघासारखी गुरगुरायची. धाकट्यांनी, म्हणजे उदाजीरावांनी, ती सुधारायला घेतली. दांडी काढून नक्षीदार शिसवी बसवली. लाकूड जुनाट दिसतं म्हणून अंगच नवं केलं आणि सोनेरी रंगवलं. खुंट्या चांदीच्या केल्या. तारांचा आवाज पकडणारं लोहचुंबक बदलून शेजारी पानाच्या डबीला कोनाडा कोरला. आता तार छेडली की आजारी म्हैस कण्हल्यासारखं वाटे.

"मामंजी, हो म्हणा," पदराआडून नवी सून सुगंधा पुटपुटली.

"अगं, खोली जाईल."

"नाही म्हटलं तर आजच जाईल."

धोंडीराम हो म्हणाला.

लग्नानंतर सुगंधाला राजवाड्यात सगळीकडे पाया पडायला नेलं होतं. नव्या सुनेची मान खाली असते, पण डोळे कुणी बांधत नाही. मुदपाकखान्यात तापलेलं पातेलं शिंगांसारखी दोन टोकं असलेल्या एका फळीवर ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. गोठ्याच्या दाराला अडसर होता, त्यावर पितळी पट्ट्या होत्या. शिंपी सांडलेल्या सुया एका काळ्या चुंबकानं गोळा करत होता. धोबिणीनं वाळत घालायची दोरी ताणायला खुंट्या ठोकल्या होत्या, त्याही पिळायच्या. राजवाड्यात फेकलेलं काही वाया जात नाही, थोरल्यांच्या गिटारीचे काढलेले भागसुद्धा.

तिनं आचाऱ्याला पाट दिला, गोठ्याला नवा अडसर, शिंप्याला दुसरं चुंबक, धोबिणीला खिळे, आणि बदल्यात ते जुने भाग घेतले. सासरा-सुनेनं ते सगळं पुसून, जोडून त्यावर नव्या तारा चढवल्या. सोनेरी गिटारीला हातही लावला नाही.

दसऱ्याला सरकार लोडाला टेकले. पडद्यामागून धोंडीरामनं एकच तार छेडली. झुंबर थरथरलं. सरकारांचे डोळे आपोआप मिटले.

"हाच. आबासाहेबांचा हाच आवाज."

पडदा सरला आणि सरकार ताडकन उठले. पातेल्याच्या डागांची, शेणाचा वास मारणारी ती वस्तू! शेजारी सोनेरी गिटार होती तशी.

"हे आमच्याकडचं भंगार आहे. आम्ही आमची गिटार दुरुस्तीला दिली होती. धोंडीराम, खोली खाली कर."

"करतो, सरकार. पण सूनबाईला काही विचारायचंय."

"हं, विचार."

"सरकारांनीच निवाडा करावा," सुगंधा म्हणाली. "थोरल्यांची गिटार ही असेल, तर तिचा आवाज परत आलाय, आणि आपली एकही सुधारणा निघालेली नाही. सगळ्या त्या सोनेरीवर जागच्या जागी आहेत."

"आणि थोरल्यांची गिटार ती सोनेरी असेल तर?"

"तर तिच्यात थोरल्यांचं काय आहे तेवढं बोटानं दाखवा. तेवढं आम्ही आत्ता दुरुस्त करून देतो."

सरकारांनी सोनेरी गिटार उचलली. उलटी केली, सुलटी केली. दांडी पाहिली, खुंट्या पाहिल्या. बोट हवेतच फिरत राहिलं.

"मग आम्ही इतकी वर्षं सुधारलं ते काय?"

"सुधारणा सगळ्या शाबूत आहेत, सरकार. गिटार तेवढी गेली होती."

 सरकारांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की गिटारीच्या कोनाड्यातल्या डबीतलं पान खाली पडलं.

"धोंडीराम, खोली तुझ्या नावावर. आणि पोरी, आमच्या हातात पुन्हा पेचकस दिसला तर काढून घ्यायचा हुकूम तुला."

"लेखी मिळेल का, सरकार?"

सरकारांनी हसत हसत दौत मागवली.