रुसलेला रांजण

नदीकाठच्या एका गावात भिवजी नावाचा रंगारी होता. जमिनीत पुरलेला निळीचा एक रांजण हीच त्याची सारी इस्टेट. त्यातलं निळीचं आंबवलेलं पाणी त्याच्या वडिलांच्या वेळेपासून जिवंत होतं. त्याच्यावर भिवजीचं आणि त्याच्या बायकोचं, गोजराबाईचं, पोट चालायचं.

एका थंडीत रांजण बिघडला. लुगडं निळं होईना, राखेसारखं होऊन वर यायचं. तिकडचे रंगारी म्हणत, रांजण बिघडत नाही, रुसतो. गावात एखादी अचाट थाप सोडावी, लोकांनी ती खरी मानली की त्याचा रुसवा जातो. भिवजी पारावर जाऊन बसला आणि म्हणाला, वरच्या वाडीत म्हशीने अंडं घातलं. चार भोळी माणसं बघायलाही गेली. रांजण ढिम्म.

भिवजी रोज नवी थाप शोधत बसला. गोजराबाईने मात्र उबेसाठी रांजणाभोवती शेणखत रचलं. रोज चिमूटभर चुना, मूठभर गूळ घालायची, काठीने हलकेच ढवळायची. पंधराव्या दिवशी पाणी हिरवट झालं. वर तांबूस तवंग धरला.

"बघ! म्हैस पावली!" भिवजी ओरडला आणि रंगवायला आलेली चाळीस लुगडी त्याने ओढत आणली.

"अहो, आत्ता कुठं डोळं उघडलंय त्यानं. आज एकच फडकं बुडवा," गोजराबाई म्हणाली.

"इतकं दिस वाट बघितली, आता आणि कशाला थांबायचं?"

त्याने चाळीसही लुगडी बुडवली. संध्याकाळपर्यंत पाणी काळं पडलं. लुगडी मळकट निघाली ती वेगळीच. रांजणाच्या काठाशी बसून भिवजी ढसाढसा रडला.

"नवी थाप सुचंना का?" गोजराबाईने विचारलं.

"न्हाई," तो डोळे पुसत म्हणाला. "चुना कुठं ठेवलायस?"

मग दोघं मिळून राबली. पारावरच्या मंडळींना भिवजी दिसेनासा झाला. वीस दिवसांनी तवंग पुन्हा धरला, आणि नेमका त्याच दिवशी कापडाचा व्यापारी देवचंदशेठ गठ्ठा घेऊन दारात आला.

"दुप्पट मजुरी देतो. आजच्या आज रंगवून दे."

घरात दोन दिवसांचं पीठ उरलं होतं. भिवजीने एकदा पिठाच्या डब्याकडे पाहिलं, एकदा रांजणाकडे.

"शेठ, आज जमायचं न्हाई. आठ दिसांनी या."

"आठ दिवसांनी कोण येतं रे?" शेठ गठ्ठा उचलून चालता झाला. भिवजीने त्याला हाक मारली नाही.

त्या दिवशी त्याने वीतभर फडकं तेवढं बुडवलं. ते हिरवं वर आलं आणि वाऱ्याला बघता बघता निळं झालं. दुसऱ्या दिवशी एक लुगडं, तिसऱ्या दिवशी दोन. शेठ काही परतला नाही. पण निळा रंग बघून गावातल्या बायका आपापली लुगडी घेऊन येऊ लागल्या, आणि नवव्या दिवशी वाळत घालायला दोरी पुरेना.

तात्पर्य: दिवस पालटू लागतात तेव्हाच धीर सगळ्यात जास्त लागतो. सुधारणेची पहिली खूण दिसताच तिला कामाला जुंपणारा आलेले चांगले दिवसही घालवून बसतो.