टिंगीची हिरवी चिमूट

एक होती उंदरी. नाव तिचं टिंगी. टिंगीचा छोटा भाऊ गुंडू. नाव गुंडू, पण पाय कसे, नुसत्या काड्या! रोज खायचा पांढरी पेज. नुसतीच पांढरी पेज.

आज तर गुंडू उठेचना.

"गुंडू, ए गुंडू!" टिंगीने त्याला हलवलं. गुंडूने डोळे किलकिले केले, पुन्हा मिटले. टिंगी घाबरली. छातीत धडधड धडधड!

टिंगी धावली, तुरुतुरु तुरुतुरु. घरधनीण सगुणाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. टिंगीने गुंडूचं सांगितलं. तिने शेवग्याच्या पाल्याची पूड दिली. हिरवीगार, चिमूटभर.

"रोजच्याच पेजेत घाल हो. अंगात बळ येतं."

टिंगी निघाली, ती नेमकी सुपासमोरून! सुपासमोरून जातं का कुणी? सूप हललं, फट् फट्! वारा सुटला, फुर्रर्र! पूड गेली उडून.

"बाई, बाई, आणखी पूड दे!"

"अगं, डबा रिकामा झाला. ओला पाला आण. वाटून देते."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड!

"शेवग्या, शेवग्या, पाला दे.
पाला सगुणाबाईला.
वाटण पेजेला.
पेज गुंडूला.
गुंडू उठेल तुरुतुरु!"

शेवगा म्हणाला, "पानंच नाहीत गं. घसा कोरडा पडलाय. आधी पाणी आण."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. वर घार फिरत होती. टिंगी दगडाआड लपली. घार गेली. टिंगी पळाली.

"विहिरी, विहिरी, पाणी दे.
पाणी शेवग्याला.
पाला सगुणाबाईला.
वाटण पेजेला.
पेज गुंडूला.
गुंडू उठेल तुरुतुरु!"

विहीर म्हणाली, "पाणी खोल, खूप खोल. आधी दोर आण."

टिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. दोर होता गोठ्यात. गोठा अंधारा होता. टिंगीला आत जाववेना. पण गुंडू आठवला. गेली बिचारी.

"दोरा, दोरा, चल ना.
दोर विहिरीला.
पाणी शेवग्याला.
पाला सगुणाबाईला.
वाटण पेजेला.
पेज गुंडूला.
गुंडू उठेल तुरुतुरु!"

दोर हळूच म्हणाला, "येतो गं. पण माझ्यावर कोण बसलंय, बघ."

टिंगीने पाहिलं. दोन डोळे. पिवळे पिवळे.

मांजर!

टिंगीची बोबडी वळली. छातीत धडधड धडधड धडधड! तरी ती बोलली.

"म-म-मनीमावशी, ऊठ ना.
दोर विहिरीला.
पाणी शेवग्याला.
पाला सगुणाबाईला.
वाटण पेजेला.
पेज गुंडूला.
गुंडू उठेल तुरुतुरु!"

मनी गुरगुरली नाही. तिच्या कुशीत होतं पिल्लू. बोकू त्याचं नाव. त्याचेही पाय काड्या!

"माझा बोकूपण उठत नाही गं," मनी म्हणाली. "त्यालाही हिरवी पेज देशील? मग उठते."

आता आली का पंचाईत! बोकू उठला, तर धरेल कुणाला? गुंडूलाच की!

टिंगीने डोळे घट्ट मिटले. "देते," म्हणाली.

मग मनी उठली, टुणकन.
दोर विहिरीत गेला, सरसर सरसर.
पाणी शेवग्याला गेलं, झुळझुळ झुळझुळ.
शेवग्याला पाला फुटला, सळसळ सळसळ.
सगुणाबाईने पाला वाटला, घसर घसर.
वाटण पेजेत पडलं, डुबुक!

पेज झाली हिरवी.

अर्धी गुंडूला, अर्धी बोकूला. आज खाल्ली, उद्या खाल्ली, परवाही खाल्ली. रोज रोज खाल्ली.

आणि एके दिवशी गुंडू उठला!

बोकूपण उठला!

गुंडू पळाला, तुरुतुरु तुरुतुरु. बोकू मागे, टुणुक टुणुक. टिंगी ओरडली, "गुंडू, पळ!" छातीत धडधड धडधड!

बोकूने पंजा टाकला. गुंडू निसटला! बोकूने झेप घेतली. गुंडू बिळात, सुळ्ळकन!

टिंगीने गुंडूचे पाय चाचपून पाहिले. चांगले गुबगुबीत, टणक पाय.

"ताई," गुंडू धापा टाकत म्हणाला, "भूक लागली. हिरवी पेज दे ना!"